बोगद्यापलीकडे बिसरामचा परदेश

आमच्या आमगावाकडची माणसं त्या काळी परदेशी जात, ती चांगली लांब जात. कोणी आसामच्या चहामळ्यात, कोणी रंगूनला. बिसराम कटरेनं मात्र असा परदेश शोधून काढला, की सकाळच्या गाडीनं निघालं तर घरी चुलीवरची लाखोरीची डाळ शिजायच्या आत माणूस तिथे पोचावा. सालेकसा, मग दरेकसा, मग डोंगराच्या पोटातला बोगदा, आणि बोगदा संपून थोडं रान मागे पडलं की संस्थानची हद्द. अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे राजेसाहेबांचं. झाडं दोन्हीकडे सागाची आणि मोहाचीच होती. अस्वलं बिनदिक्कत इकडून तिकडे जात. माणसानं हद्द ओलांडली, की तो परदेशी.

ही गोष्ट सुरू होते १९३२च्या सुमारास. बिसराम तेव्हा तिशीतला. दोन भावांत मिळून धानाची उत्तम शेती, दोन बैलजोड्या, एक रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर. उपाशी राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मानापमानाकडे लक्ष द्यायला त्याला फुरसत मिळाली, ती बहुधा त्यामुळेच.

गाव मालगुजाराचं होतं. आमच्याकडे त्या वेळी गावंच्या गावं मालगुजारांची असत. कसणारा कितीही पिकवो, तो कूळच. आमच्या मालगुजारांचा शिरस्ता असा, की त्यांच्या दारावरून जाताना कुळानं पायातले जोडे हातात घ्यायचे. लोक घेत. ज्यांच्याकडे जोडेच नव्हते त्यांची मोठी सोय होती. बिसरामनं गोंदियाच्या बाजारातून करकर वाजणारे जोडे आणले आणि पहिल्याच दिवशी त्याला ते तान्ह्या पोरासारखे छातीशी धरून त्या दारावरून न्यावे लागले. विहिरीवरच्या बाया हसल्या. मालगुजार तेव्हा आत घोरत होते. असं काही घडलं याचा त्यांना कधी पत्ताही लागला नाही. बिसरामनं मात्र घरी येऊन जोडे कोनाड्यात आपटले आणि धाकट्या भावाला, यादोरावला, हाक मारली.

"यादो, मी आता इथं राहत नाई. परदेशी जाऊन राहिलो. माहं सोताचं घर, माही सोताची जमीन. कोनाचं कूळ नाई."

"कोनता परदेश, दादा?"

"बोगद्याच्या पल्याड."

यादोरावनं जरा विचार केला. "म्हणजे वहिनीच्या माहेरी?"

"माहेरी नाई! परदेशात!" बिसराम ओरडला.

गोष्ट अशी होती, की बिसरामची बायको अनुसयाबाई संस्थानातलीच. लग्न होऊन ती रेंगीत बसून घाटाच्या वाटेनं आली होती आणि तिच्या बोलण्यात अजून मधूनच छत्तीसगढी शब्द येत. ती आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मी परदेशातून आली, हे मले लगनात कोनी सांगतलंच नाई."

बिसरामनं जमिनीच्या कुळहक्कातला आणि घरातला आपला वाटा यादोरावला विकला. यादोरावनं एकदा 'नको' म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

संस्थानात डुमरटोला नावाच्या खेड्यात चैतराम नावाचा म्हातारा आपलं घर आणि जमीन विकायच्या विचारात होता. पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, आणि तो आणि त्याची बायको पुष्पाबाई शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, थोरल्या लेकीकडे राहायला जाणार होते. बिसराम अनुसयाबाईला घेऊन बघायला गेला. घर खरंच देखणं होतं. सागाच्या चौकटीवर कोरलेले पोपट, पुढे लांबच लांब सपरी, म्हणजे ओसरी, मागे आंब्याची झाडं, त्यापलीकडे काळ्या कन्हार मातीच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि वरच्या अंगाला कमळं फुललेली एक बोडी. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. पाऊस दगा देतो तेव्हा धान जगतं ते तिच्यावर. बिसरामनं आंबे मोजले, पोपट मोजले. अनुसयाबाई बोडीच्या पाळीवर जाऊन बराच वेळ उभी राहिली.

चैतराम सरळ माणूस होता. तो म्हणाला, "जमीन सोला आना हे, भैया. फेर तैं परदेसिया हस, कचहरी म पूछ ले."

"काय म्हणते?" बिसरामनं बायकोला विचारलं.

"जमीन चांगली आहे म्हणते. पन तुमी परदेशी, तं पह्यले कचेरीत पुसून घ्या म्हणते."

बिसरामला यातलं 'जमीन चांगली आहे' एवढंच ऐकू आलं. तरी रीत म्हणून तो कचेरीत गेला. फाटकाशीच शिपायानं जोडे काढायला लावले. बिसरामनं काढले. पण हे परदेशात काढले होते, आणि त्यामुळे ते त्याला तितकं लागलं नाही.

कचेरीत नंदलाल नावाचा मुनशी होता. गोड बोलायचा, पान खायचा, आणि कोणाचंही काम अडलं की त्याला मनापासून वाईट वाटायचं. कामं अडवायचं कामही त्याच्याकडेच होतं.

"जमीन लेनी है?" नंदलालनं विचारलं. "राज के रयत हो?"

"नाई जी. आमगावचा आहो."

"तो परदेशी हुए. परदेशी को जमीन नहीं मिलती. पहले रयत बनो."

"बनतो ना जी. काय करा लागते?"

"राज में अपना घर होना चाहिए."

"मंग घर घेतो."

"घर तो जमीन पर ही होता है ना, भाई?" नंदलालनं मायेनं विचारलं. "और जमीन रयत को ही मिलती है."

बिसरामनं एकेक बोट मोडून हिशेब केला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे जमिनीसाठी रयत असा लागते, रयत होयासाठी घर लागते, आन घरासाठी जमीन लागते."

"शाबास!" नंदलाल खूश झाला. "दूसरों को इतना समझाने में मेरा पूरा दिन जाता है."

मग त्यानं आवाज उतरवून उपाय सांगितला. जमीन एखाद्या रयतेच्या नावानं घ्यायची, कसायची आपण. सगळे परदेशी असंच करतात. कायद्याला ते माहीत आहे, फक्त कायद्याला तसं कोणी सांगत नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून दोघं स्टेशनावर भाकर सोडून बसली. रेल्वेची पट्टी इंग्रजांच्या अमलात होती. म्हणजे फलाटावर बसलेला बिसराम आपल्या मुलखात होता आणि तंबाखू थुंकायला फलाटाखाली उतरला की परदेशात. अनुसयाबाईनं त्याच्या हातावर चटणी ठेवली आणि म्हणाली, "अजी, माह्याच नावानं घ्या ना. मी तं इथलीच आहो. माहा बाप, माहा आजा, सारे राजाची रयत."

"तुह्या नावानं? आन मी कोन मंग?"

"तुमी माहे मालक."

"जमिनीचा मालक व्हाले आलो मी. बायकोच्या घरात राहू? लोक घरजावई म्हनतीन."

"बाजारातल्या मानसाच्या नावानं घेतली तं काय म्हनतीन?"

यावर बिसराम रागावला. सात फेरे घेतलेल्या बायकोपेक्षा बाजारात भेटलेला माणूस जास्त भरवशाचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याला आपसूकच सुचलं.

तो माणूस म्हणजे श्यामलाल. कचेरीच्या गावातच राहायचा. कपाळभर गंध, गळ्यात तुळशीमाळ, गायीला घास दिल्याशिवाय स्वतः जेवायचा नाही. रामायण असं वाचायचा, की ऐकणाऱ्या बाया पदर डोळ्यांना लावत. बिसरामनं त्याला आपली अडचण सांगितली, तेव्हा श्यामलालनं कानांच्या पाळ्या पकडल्या.

"भैया, मिट्टी आपकी, नाम मेरा. और नाम का क्या, नाम तो भगवान का ही सच्चा है."

हातात गंगाजल घेऊन त्यानं शपथ घेतली. कागद झाला. पैसे बिसरामचे, घर आणि जमीन श्यामलालच्या नावावर. पिकातला थोडा हिस्सा श्यामलालला दरसाल द्यायचा, असं तोंडी ठरलं. कागदावर ते लिहिता आलं नाही, कारण कागदावर बिसराम नव्हताच.

बोगद्यातून रेंगी जात नाही, म्हणून घाटाच्या वाटेनं संसार आला. डुमरटोल्यात दोन-चार दिवसांतच अनुसयाबाई सगळ्यांची बहिनी झाली. कोणाला तिचा बाप माहीत होता, कोणाच्या घरी तिची मावशी दिलेली होती. बिसरामला मात्र गाव 'परदेसिया' म्हणे. लहान पोरं म्हणत, म्हातारे म्हणत, आणि श्यामलालसुद्धा लाडानं म्हणे. परदेशी म्हणून गुरं चारायचा पैसा वेगळा, सरपणाचा वेगळा. राजेसाहेबांची शिकार निघाली की गावातल्या पुरुषांना हाका घालायला, म्हणजे डबे वाजवत रान उठवायला, जावं लागे. परदेशी माणसाला पहिल्या रांगेत ठेवत. वाघ आधी त्याच रांगेला भेटत असे. बिसराम काट्यांनी फाटलेला सदरा घेऊन परत आला, तेव्हा बायकोनं विचारलं, "कायले आलो जी आपन इथं? वेठ तं तिथंबी होती."

"तिथं मालगुजाराची होती," बिसराम छाती काढून म्हणाला. "इथं राजाची आहे."

काम मात्र त्यानं जीव तोडून केलं, हे सांगितलंच पाहिजे. खचलेले धुरे, म्हणजे शेताचे बांध, त्यानं नव्यानं घातले, बोडीच्या पाळीवर माती चढवली, रोवण्याच्या दिवसांत स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहिला. पीक असं आलं, की चैतराम लेकीच्या टोल्यावरून मुद्दाम बघायला आला आणि बांधीच्या कडेला बसून हुंदके देऊन रडला. पुष्पाबाईनं त्याला उठवून नेलं.

पीक श्यामलालनंही बघितलं. तो आधी पाहुणा म्हणून यायचा. मग आंबे उतरवायला आला. मग सपरीतल्या खाटेवर बसू लागला आणि बिसराम खाली. मग एकदा त्याचे मेहुणे आले आणि श्यामलालनं त्यांना हिंडवून 'अपना खेत' दाखवला. बिसराम मागून छत्री धरून चालत होता. अनुसयाबाईनं चुलीपासून हे बघितलं आणि फुंकणी आपटली. त्या आवाजाचं बिसरामला जास्त भय वाटलं.

खळ्यावर धानाची रास पडली आणि श्यामलाल गाड्या घेऊन आला.

"हे काय, श्यामलालजी?" बिसराम आडवा आला. "तुमचा हिस्सा तं मोजून देतोच ना मी."

"हिस्सा? अपना धान ले जा रहा हूँ. कागज पर किसका नाम है?"

"तुमी गंगाजल हातात घेतलं होतं!"

"लिया था," श्यामलाल शांतपणे म्हणाला. "फिर पी लिया."

गाड्या भरून गेल्या. जाताना श्यामलालनं दया दाखवली. घरात त्याचा मेहुणा राहणार होता, पण गोठ्याचं एक टोक रिकामं होतं. "परदेशी आदमी हो, कहाँ जाओगे? मेहनती हो. सालदार बनकर रहो." अशा रीतीनं बिसराम स्वतः विकत घेतलेल्या जमिनीवर, स्वतः विकत घेतलेल्या गोठ्यात, सालानं राहिलेला गडी झाला.

तो कचेरीत धावला. नंदलालनं सगळं ऐकून घेतलं, खूप हळहळला, दोनदा पान लावलं.

"दावा करना है तो करो. पर पहले यह कहना पड़ेगा कि जमीन तुम्हारी है."

"माहीच आहे ना जी!"

"तो परदेशी होकर जमीन ली, यह गुनाह हुआ. उसकी सजा पहले होगी. दावा बाद में."

बिसराम फाटकातून बाहेर आला आणि जोडे न घालताच घरापर्यंत चालत गेला. आमगावला परत जायचं तर तिथे आता सगळं यादोरावचं होतं, आणि विहिरीवरच्या बाया होत्याच. त्या दिवसांत तो बोलेनासा झाला. बैलांपुढे तनस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकी आणि त्यांच्याच शेजारी बसून राही. अनुसयाबाई त्याला जेवायला हाक मारी, तर म्हणे, "मी का मालक आहो, मले पह्यले वाढाले?" तिला त्याची कीवही येई आणि रागही येई. 'माह्या नावानं घेतली असती तं' हे वाक्य तिनं एकदाही तोंडातून काढलं नाही. लग्नाच्या संसारात यापेक्षा मोठा उपकार मी तरी पाहिलेला नाही.

आठवडी बाजारात तिची पुष्पाबाईशी गाठ पडली. घर विकलेल्या बाईला त्या घरातल्या बाईची चौकशी असतेच. पुष्पाबाईनं पोपटांची चौकट विचारली, आंबे विचारले, आणि बोलता बोलता म्हणाली, की बोडीतले मासे अजून आमचे जावईच काढून नेतात.

"तुमचे कसे? बोडी तं विकली ना?"

"नइ बहिनी. बोडी त हमरे नाव म हे."

मग सगळं उलगडलं. संस्थानात बोडीचा कागद जमिनीपासून वेगळा असे आणि त्याला वेगळा खर्च पडे. कागद करताना चैतरामनं विचारलं होतं, बोडीचंही लिहायचं का? श्यामलालनं आणि बिसरामनं एकमेकांकडे बघितलं होतं आणि दोघंही हसले होते: पाणी काय, आभाळातून पडतं! ते कोण विकत घेतो? दोघांच्या मैत्रीत एवढी एकच गोष्ट खरोखर एकमतानं झाली होती.

अनुसयाबाईनं घरी येऊन गाडग्यातून माहेरचे चांदीचे तोडे आणि करदोडा काढला आणि दुसऱ्या दिवशी चैतरामसोबत कचेरीत उभी राहिली. नंदलालनं पान गालात सरकवलं.

"रयत हो?"

"हो जी. बाप रयत, आजा रयत. इथंच जन्मली."

"और आदमी?"

"थे परदेशी आहेत."

नंदलालनं कायद्याचं पुस्तक उघडलं, पुढे-मागे चाळलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "इसमें लिखा है, परदेशी पुरुष. औरत जमीन-पानी लेगी, यह लिखनेवालों के दिमाग में ही नहीं आया." ज्याला मनाई नाही ते करू द्यावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असावं; त्यानं तिचं नाव लिहून टाकलं.

बिसरामला कळलं, तेव्हा तो तीन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "तोडे मोडून पानी इकत घेतलं? पानी कोनी इकत घेते का वो?"

"मी घेतलं," अनुसयाबाई म्हणाली. "जेवा आता."

पुढच्या साली मृग चांगला बरसला, रोवणं झालं, श्यामलालच्या मेहुण्यानं सपरीत लोळून ते सगळं पार पाडलं. आणि धान पोटरीत आलं, तसा पाऊस नाहीसा झाला. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. बांध्यांना भेगा पडायला लागल्या. श्यामलाल घाईनं आला आणि बिसरामला म्हणाला, "जा, बोडी का मुँह खोल दे."

बिसराम खाटेच्या पायाशी बसला होता. तो उठला नाही. "मालकिनीले पुसा जी," तो म्हणाला.

"कौन मालकिन?"

बिसरामनं पाळीकडे बोट दाखवलं. तिथे अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. श्यामलाल हसला. मग कचेरीत जाऊन आला आणि हसायचा थांबला.

पाळ फोडून पाणी घ्यावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं म्हणतात. पण अनुसयाबाईनं आदल्याच दिवशी खालच्या अंगाच्या साऱ्या लहान शेतकऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की ज्याला पाणी लागेल त्यानं फुकट न्यावं. त्यामुळे पाळीवर तिच्याभोवती अर्धं गाव फावडी घेऊन उभं होतं. गाव न्यायासाठी उभं होतं असं गाव नंतर सांगे. मला वाटतं, धानासाठी उभं होतं. पण त्यानं काही बिघडलं नाही.

पंच बसले. चैतरामही येऊन बसला. अनुसयाबाई म्हणाली, "घर आन जमीन माह्या नावानं करून द्या. यंदाचं अर्धं धान तुमचं. नाई तं सारं धान तुमचं, आन तनसबी तुमचीच. पानी मातर माहं."

"यह तो लूट है!" श्यामलाल ओरडला.

"लूट काऊन जी? मी का गंगाजल पेली?"

पंचांतला एकजण खोकला आला म्हणून तोंड फिरवून बसला. श्यामलालनं एकवार भेगाळलेल्या बांध्यांकडे बघितलं. आणखी आठवडा गेला असता, तर अर्धं सोडा, पोतंभरही हाती लागलं नसतं. तो कचेरीत गेला आणि सही करून आला. त्याच दुपारी अनुसयाबाईनं बोडीचं तोंड उघडलं. पाणी पहिल्या बांधीत शिरलं, तेव्हा बिसराम धुऱ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"मी तुले 'नाई' म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हटलं होतं."

"आता लोक घरजावई म्हनतीन."

"म्हनू द्या. सालदारापेक्षा तं बरं आहे."

लोक म्हणालेच. कचेरीच्या कागदात लिहिलं गेलं: मालक अनुसयाबाई, रयत, सोबत राहणार तिचा नवरा, परदेशी. बिसराम राबायचा आता आनंदानं. बैलांशी तो पुन्हा बोलू लागला, माणसांशीही. पण 'परदेशी' हा शब्द त्याच्या अंगात कुसळासारखा रुतून बसला होता. आता त्याला जमीन नको होती. त्याला रयत व्हायचं होतं.

पुढची बारा-तेरा वर्षं त्यानं यातच काढली. दर दसऱ्याला नारळ घेऊन तो कचेरीत अर्ज देई आणि नंदलाल दरवेळी नवी अडचण काढून देई. तुझं घर कुठे आहे? ते बायकोचं. मग तू तिच्याकडे पाहुणा. पाहुणा रयत कसा होईल? तो मुद्दा सुटला, तर चालचलणुकीचा दाखला हवा, मूळ गावच्या मालगुजाराच्या हातचा. बिसराम बोगद्यातून परत आमगावाकडे आला, त्याच दारासमोर जोडे हातात घेऊन उभा राहिला. मालगुजार थकले होते. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "कोन बिसराम?" मग यादोरावचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी 'वर्तणूक उत्तम, नम्र' असा दाखला खुशीनं देऊन टाकला. ज्या माणसावर रुसून त्यानं मुलूख सोडला, त्याच्या लेखी तो कधी गावात नव्हताच. बिसराम त्या दिवशी घरी येऊन उपाशीच बसला. 'नम्र' हा शब्द त्याला फार बोचला.

मग लढाई सुरू झाली आणि कचेरीनं सांगितलं, की लढाई संपेपर्यंत रयत बनवणं बंद. डुमरटोल्याचा परदेशी आणि जर्मनी यांचा संबंध काय, हे नंदलाललाही सांगता येईना, पण हुकूम होता.

अखेर १९४७च्या उन्हाळ्यात राजेसाहेबांच्या दरबारात बिसराम कटरेचं नाव पुकारलं गेलं. राजमुद्रा उमटवलेला कागद मिळाला, वर एक नारळ आणि गुलाबी पागोटं. पागोटं बांधून तो गावात शिरला, तेव्हा पंचेचाळिशीचा माणूस नवरदेवासारखा लाजत होता. अनुसयाबाईनं त्याला ओवाळलं. गावाला भात आणि बोकडाचं जेवण झालं. त्या दिवशी पोरांनी त्याला सवयीनं 'परदेसिया' म्हटलं, तेव्हा तो एकेकाला थांबवून कागद दाखवत होता. पोरांना वाचता येत नव्हतं.

ऑगस्टात इंग्रज गेले. बिसरामला त्याचं फारसं वाटलं नाही. तो आता राजाची रयत होता, आणि इंग्रजांचं काय ते आमगाववाल्यांनी बघावं. दिवाळी झाली, धान खळ्यावर आलं, आणि डिसेंबरात बातमी आली, की आसपासच्या सगळ्या राजांनी नागपुरात सह्या केल्या. संस्थानं संपली, सगळा मुलूख एक झाला.

बिसराम पागोटं बांधून कचेरीत गेला. नंदलाल आता म्हातारा झाला होता. दप्तरं दोरीनं बांधून व्हरांड्यात रचली होती आणि तो त्यांच्यावरच बसला होता.

"मुनशीजी, मंग मी आता कोनाची रयत?"

"किसी की नहीं," नंदलाल म्हणाला.

"आन परदेशी?"

"वह भी नहीं. आमगाव भी वही, डुमरटोला भी वही."

"मले सहाच महिने झाले जी, रयत होऊन!"

नंदलालला खरंच वाईट वाटलं. त्यानं डबी उघडून स्वतःच्या हातानं पान लावलं आणि बिसरामला दिलं. "भाई, तेरा आखिरी था. तेरे बाद किसी को नहीं मिला." दोघं दप्तरांवर बसून पान खात राहिले. जोडे काढा, असं सांगायला फाटकावर कोणी नव्हतं, आणि बिसरामच्या ते ध्यानातही आलं नाही.

हिवाळ्यातच यादोराव भावाकडे आला. बऱ्याच वर्षांनी आला होता. पोट सुटलं होतं, डोक्यावर पांढरी टोपी होती. जेवताना त्यानं इकडची कन्हार माती बघून विचारलं, "दादा, आता आमच्यासारख्यानं इथं जमीन घ्याची तं काय करा लागते?"

"काई नाई करा लागत," बिसराम घास हातात धरून म्हणाला. "पैसे द्याचे आन घ्याची. चोरालेबी मिळते आता."

तो कागद त्यानं गोंदियाहून काच लावून आणला. सपरीत, आल्या-गेल्याला दिसेल असा टांगला. अनुसयाबाईनं तिथली सुपं काढून दुसऱ्या खुंटीला लावली आणि जागा करून दिली. कोणी पाहुणा आला की बिसराम त्याला कागदासमोर उभा करी आणि मुद्रेपासून तारखेपर्यंत सगळा वाचून दाखवी. पाहुणे शहाणे असत. शेवटी विचारत, याचा आता उपयोग काय? मग अनुसयाबाई आतून हाक मारी, की भात निवून चालला, जेवायला बसा.